बगळीच्या मानेवरचा दिवा

माझ्या सासऱ्यांना पोलिसांच्या गाड्यांचं वेड आहे असं कुणी म्हटलं की सासूबाई ताडकन म्हणायच्या, "वेड कसलं, सवत आहे ती माझी. एकच असती तर झिंज्या धरून हाकलली असती. इथे कारखानाभर आहेत."

मामंजी ऐकून हसायचे आणि नखात अडकलेली काजळी काडीने कोरत बसायचे.

पोलीस खात्याच्या गाड्या दुरुस्त करायचा कारखाना होता, तिथे ते नोकरीला होते. इंजिन, चाकं, पत्रा ही कामं दुसऱ्यांची. मामंजींकडे फक्त तारा, भोंगे आणि दिवे. खात्यात त्यांना सगळे दिवेवाले म्हणत. बुटके, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम एक पेचकस, आणि तारांना डाग देताना बोटांवर भाजल्याचे पांढरे ठिपके. घरात बोलणं कमी. पण दिव्याचा विषय निघाला की थांबायचे नाहीत.

आता पोलिसांच्या सगळ्या गाड्यांवर एकसारखी लाल-निळी पट्टी दिसते. ती तयारच मिळते, चार पेच आवळले की झालं. तेव्हा तसं नव्हतं. गाड्या जुन्या, कुठून कुठून जमवलेल्या, आणि त्यावरचा दिवा म्हणजे ज्याला जसा सुचेल तसा. एका गाडीच्या पुढच्या जाळीमागे दोन लाल दिवे लपवलेले होते. ते लागले की गाडीने डोळे वटारल्यासारखं वाटायचं. एकीच्या छपरावर काचेची पेटी होती, आत बल्ब, बाहेर 'पोलीस' अशी अक्षरं. त्या पेटीत पावसाळ्यात इतके किडे शिरत की अक्षरं झाकून जायची. एका मोटारसायकलचा दिवा चाकाबरोबर फिरायचा. गाडी जोरात तर दिवा जोरात, गाडी थांबली की दिवाही थांबला. "म्हणजे जेव्हा खरी गरज तेव्हाच बंद," असं म्हणून मामंजी तो कुणी लावला त्याचं नाव घेऊन चुकचुकायचे. छपरावरचे जे गोल दिवे, त्यात बल्ब जागच्या जागी असतो, त्याच्याभोवती आरसा फिरतो. हे मला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी वाटी आणि चमचा घेऊन समजावलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "अहो, तिला आधी चहा तरी पिऊ द्या."

पण त्यांची सगळ्यात लाडकी होती बगळी.

शहराबाहेर घाटाचा रस्ता होता. तिथे अपघात झाला की पोलिसांची गाडी जाऊन उभी राहायची आणि मागून येणारे ट्रक तिलाच ठोकायचे. मध्ये एखादी गाडी आली की छपरावरचा दिवा झाकला जायचा, आणि धुकं असलं तर विचारायलाच नको. मामंजींनी यावर पुष्कळ विचार केला. जेवताना ताटात बोटाने रेघा ओढायचे. शेवटी त्यांनी एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या बाजूला घडीची लोखंडी नळी बसवली. एरवी ती छपरावर आडवी पडलेली असायची. गाडी उभी केली की नळी उभी करायची, खटका बसवायचा, आणि तिच्या टोकावरचा दिवा ट्रकच्या छपराहूनही वर जायचा. तो दिवा फिरायचा नाही, झुलायचा. त्याला त्यांनी वायपरची मोटर जोडली होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे. रस्त्यात उभा राहून एखादा माणूस हात हलवून 'नका, पुढे येऊ नका' म्हणतो ना, अगदी तसा. पांढरी गाडी, वर लांब मान. कारखान्यातल्या कुणीतरी बगळी म्हटलं, तेच नाव पडलं.

आता एक अडचण उरली. बगळीवर आधीचेही दिवे होते, छपरावर गोल दिवा आणि पुढे दोन लाल. सगळे एकदम चालू राहिले तर उभ्या गाडीची बॅटरी बघता बघता उतरायची. इंजिन चालू ठेवावं, तर पेट्रोल वाचवा म्हणून वरून हुकूम होता, उभ्या गाडीचं इंजिन बंद म्हणजे बंद. मामंजींनी त्यावरही तोड काढली. त्यांनी दिव्यांची तार हँडब्रेकला जोडली. हँडब्रेक ओढला की छपरावरचा आणि पुढचे दिवे आपोआप बंद, आणि बॅटरीचा सगळा जोर एकट्या मानेवरच्या दिव्याला. तो मग कितीही वेळ झुलत राहू दे. शिपायाला काही लक्षात ठेवायला नको, म्हणून काही सांगायलाही नको. गाडी उभी केली की हँडब्रेक ओढणारच, नाही का?

मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. मामंजींनी घरी येऊन ते सांगितलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बघू पाठ, शाई लागली असेल साहेबांच्या हाताची." पण त्या दिवशी त्यांनी शिरा केला होता.

माझं लग्न झालं तेव्हा हे बगळीवर ड्रायव्हर होते. म्हणजे माझे यजमान. एकुलते एक. वडिलांचा हात धरून लहानपणापासून कारखान्यात जाणारे, त्यामुळे पोलिसात लागले तेही गाडी चालवायला. सासूबाई यांच्या लहानपणीची एक गोष्ट नेहमी सांगायच्या. तेव्हा घर चढावर होतं. मामंजी कधीकधी दुरुस्तीची जीप घेऊन जेवायला घरी येत. एकदा जीप दारात उभी करून आत गेले, आणि हँडब्रेकची तार तुटली. जीप आपली निघाली उतारावरून, शेजाऱ्यांची भिंत पाडूनच थांबली. नशीब, तिथे खेळणारी पोरं नुकतीच उठून गेली होती. हेही त्यांच्यातच होते. मामंजींनी त्या दिवशी यांना समोर उभं करून सांगितलं, "तारेवर जीव टाकायचा नाही. गाडी उभी केली की चाकाखाली दगड." त्यानंतर जीप दारात आली की हे दगड घेऊन धावायचे. हातात मावायचा नाही एवढा दगड, पोटाशी धरून. "जेवायचं ताट सोडून धावायचा गं," सासूबाई सांगायच्या, आणि हे बाजूला बसून लाजायचे.

मोठे झाल्यावरही हे तसेच. मन लावून काम, बोलणं मोजकं. कामावर जायच्या आधी मानेवरच्या दिव्याची काच पुसायला घरातून मऊ फडकं न्यायचे. मी शिवणकाम करते, तर उरलेल्या कापडातलं चांगलं तेवढं फडकं आधी यांचं. "पोलीस आहात की काचा पुसणारे?" मी विचारायची. "दोन्ही," म्हणायचे.

ज्या सकाळी ते गेले त्या सकाळी धुकं होतं.

घाटाच्या उतारावर एका ट्रकचा आस तुटून तो आडवा झाला होता. बगळी गेली, हे आणि यांचा जोडीदार. जोडीदार म्हणजे यांच्याबरोबर कायम ड्युटीला असणारा शिपाई, आमच्याकडे जेवायला यायचा, मला वहिनी म्हणायचा. गाडी थांबल्या थांबल्या तो उतरून वळणापलीकडे गेला, समोरून येणाऱ्या गाड्या अडवायला. हे मागच्या बाजूला राहिले. क्रेन यायला एरवीपेक्षा फार वेळ लागला. आणि वरून एक ट्रक आला, लाकडं भरलेला. त्याला काही दिसलं नाही. त्याने बगळीला मागून धडक दिली तेव्हा हे बगळीच्या मागेच, नळीपाशी उभे होते. आणखी मी काही लिहीत नाही. मला बघू दिलं नाही, आणि ज्यांनी बघितलं त्यांनी सांगितलं नाही.

चौकशी झाली. लाकडांच्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, दिवा नव्हता. जोडीदाराला विचारलं, धडक झाली तेव्हा दिवा चालू होता का? तो आवाज ऐकून धावत आला होता, त्याला तेव्हा दिवा दिसला नव्हता. तो म्हणाला, नव्हता. मग मामंजींना बोलावलं. बगळीची बॅटरी फुटली होती. मामंजींनी दुसरी बॅटरी जोडली, बल्ब बदलला, तारा एकेक करून तपासल्या. मोटर झुलली, दिवा लागला. त्यांना विचारलं, दिव्यात काही दोष होता का? ते म्हणाले, नाही. जे खरं होतं ते सांगितलं.

मग काय राहिलं? दिव्यात दोष नाही, आणि दिवा तर लागलेला नव्हता. हे नळीपाशी सापडले, म्हणजे उशिरा लावायला गेले असणार. कागदावर तसं लिहिलं गेलं: वाहनावरील दिवा वेळेत न लावल्यामुळे.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी मामंजींना एकच वाक्य ऐकवलं. "स्वतःचा दिवा वाचवलात. पोराला नाही वाचवलं." आणि त्यानंतर त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

बोलल्या नाहीत म्हणजे, घर तर चालायलाच हवं. मग मी मधे. दोघं एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर, आणि सासूबाई मला हाक मारायच्या. "सांग त्यांना, पाणी तापलंय." मी स्वयंपाकघरातून येऊन सांगायची, "मामंजी, पाणी तापलंय." ते म्हणायचे, "सांग तिला, आलो." सुरुवातीला मला रडू यायचं. नंतर नंतर आम्हालाच त्याचं हसू यायला लागलं, इतकी सवय झाली. एकदा मामंजी चष्मा शोधत होते. सासूबाई म्हणाल्या, "सांग त्यांना, कपाळावर आहे." माझ्या तोंडात दोरा होता, मी नुसती मान हलवली. मामंजींनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि म्हणाले, "सांग तिला, सापडला."

पण आत काय होतं ते मला माहीत होतं. सासूबाईंना वाटायचं, माझा मुलगा दिवा लावायला विसरणं शक्य नाही, तेव्हा दिवाच बिघडला. मामंजींना पक्कं ठाऊक होतं की दिवा बिघडला नव्हता, म्हणजे पोरगा विसरला. एकाला खरं मानावं तर दुसऱ्याकडे बोट जायचं. दोघांनाही यांची आठवण काढायची सोय नव्हती. लहानपणाची ती दगडाची गोष्टसुद्धा सासूबाईंनी पुन्हा कधी सांगितली नाही.

मी माहेरी परत गेले नाही. मूल नव्हतं, मशीन होतं, आणि ही दोन म्हातारी माणसं. देवापुढे बसले तरी यांना का नेलंस असं मी विचारत नसे. ते आपल्याला कळायचं नाही. मी एवढंच मागायची, यांच्या नावापुढचं ते एक वाक्य पुसलं जाऊ दे. यांनी कधी कुठलं काम अर्धं टाकलं नाही. तेवढं तरी लोकांना कळू दे.

मामंजी निवृत्त झाले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. आणि एक दिवस कारखान्यातून निरोप आला. कुणी नव्या मॅडम आल्या होत्या, खात्याच्या जुन्या गाड्या गोळा करून त्यांचं प्रदर्शन करायचं त्यांच्या मनात होतं. भंगारात बगळी सापडली होती. तिचा मागचा पत्रा ठोकून सरळ केला होता, रंग दिला होता. पण दिव्यांची जोडणी कुणालाच कळेना.

मामंजी म्हणाले, "मी नाही जाणार."

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांग त्यांना, जा म्हणावं. लाडकी बोलावतेय."

काय मनात आलं कोण जाणे, मामंजी उठले आणि त्यांनी खुंटीवरचा शर्ट काढला. डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, म्हणून मीही बरोबर गेले.

कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये बगळी उभी होती. नवीन रंगामुळे वयस्कर बाईने जास्तच पावडर लावल्यासारखी दिसत होती. मामंजी तिच्याभोवती हात फिरवत फिरले. मागच्या बाजूला आल्यावर हात उचलला आणि वळसा घालून पुढे गेले. मॅडम तरुण होत्या, चटपटीत. "आजोबा, मला सगळं अगदी पहिल्यासारखं हवं. तुम्ही केलं होतं तसंच."

"तसंच होईल," मामंजी म्हणाले.

काही दिवस आम्ही रोज सकाळी जायचो. डोळे माझे, हातही माझे, आणि डोकं त्यांचं. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला तार ओवायला काय जड जातंय? ते सांगायचे, "पिवळी तार खालून घे. आता लाल. ओढू नकोस, तिला येऊ दे." मला बरं वाटायचं. इतक्या वर्षांत ते माझ्याशी, निरोप सोडून, एवढं कधी बोलले नव्हते. हँडब्रेकची तार जोडताना त्यांनी सगळी युक्ती पुन्हा समजावली. दांडा ओढला की काय बंद, काय चालू. मी ओढून बघितला. छपरावरचा आरसा गरगरत थांबला आणि मानेवरचा दिवा एकदम उजळला. मलाही कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू.

ड्रायव्हरच्या सीटखाली झाडताना मला पत्र्याचा एक कोनाडा सापडला. जाड पट्टी वाकवून खाली पेचाने बसवलेली, आत जुन्या फडक्याचं अस्तर. फडकं मी ओळखलं. मीच शिवलेल्या एका झग्याच्या उरलेल्या कापडाचं होतं.

"मामंजी, हे कशाचं?"

त्यांनी चाचपून बघितलं. "हे माझं काम नाही."

त्याच दिवशी दुपारी जोडीदार आला. मॅडमनी त्यालाही बोलावलं होतं, बगळीवर काम केलेला माणूस म्हणून. अपघातानंतर त्याची लांब बदली झाली होती, तेव्हापासून भेट नव्हती. पोट सुटलेलं, केस गेलेले. त्याने वाकून मामंजींना नमस्कार केला. "काका, ओळखलंत का?"

"आवाजावरून ओळखलं. बाकी तू दुप्पट झालेला दिसतोस, माझे डोळे अधू असूनसुद्धा."

जोडीदार हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. मी विषय बदलावा म्हणून तो कोनाडा दाखवला. "भावजी, हे काय आहे हो?"

"हे? अहो वहिनी, हे दगडाचं घर! तुम्हाला माहीत नाही?" तो गाडीत डोकं घालून बघायला लागला. "तुमच्या यजमानांचा दगड असायचा इथे. पाचरीसारखा, घडवून घेतलेला. गाडीत खडखडतो म्हणून खाली फडकं. गाडी थांबली की पहिल्यांदा दगड चाकाखाली, मग बाकीचं. मी चिडवायचो त्याला, अरे, दगडाशिवाय तुझं पान हलत नाही."

मामंजींच्या हातात पक्कड होती. त्यांनी ती खाली ठेवली. "आणि हँडब्रेक?"

"तो कुठला ओढतोय! मी कितीदा म्हटलं, अरे, बाकीचे ओढतात तसा ओढ. तर म्हणायचा, बाबांनी सांगितलंय, तारेवर जीव टाकायचा नाही."

शेडमध्ये कुणीतरी लांब पत्रा कापत होतं. त्याचा आवाज मला एकदम मोठा वाटायला लागला.

"त्या सकाळी?" मामंजींनी विचारलं.

"त्या सकाळीही दगडच. उतारावर होतो ना. मी उतरलो तेव्हा तो दगडच लावत होता, मला आठवतंय, मी त्याला ओलांडून गेलो." मग जोडीदाराने आमच्या तोंडांकडे बघितलं. "का? काय झालं?"

"तुला हे कुणी विचारलं नाही?"

"दगडाचं? दगडाचं कोण विचारणार, काका? दिव्याचं विचारलं."

 मामंजींनी जोडीदाराला बगळीची नवी बॅटरी काढायला सांगितली. कोपऱ्यात जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या होत्या, त्यातली एक जोडायला लावली. "तेव्हा कुठे नव्या मिळायच्या? आणि थंडीत तर त्या अर्ध्या मेलेल्याच असायच्या." मला म्हणाले, "तू आत बस. सगळे दिवे लाव. हँडब्रेकला हात लावू नकोस."

मी ड्रायव्हरच्या जागी बसले. यांच्या जागी. जोडीदाराने बगळीची मान उभी केली. मी बटणं दाबली. छपरावरचा आरसा घरघरत फिरायला लागला, पुढचे लाल दिवे लागले, आणि मागे मानेवरचा दिवा झुलायला लागला. मला तो समोरच्या आरशात दिसत होता. इकडून तिकडे. नका, पुढे येऊ नका.

 मामंजी लाकडी पेटीवर बसून होते, कान देऊन. त्यांना दिसत कमी होतं, पण मोटरचा आवाज कळत होता. सुरुवातीला काहीच झालं नाही. मला वाटलं, बरं झालं, काही होणार नाही. मग छपरावरची घरघर जड झाली. पुढचे लाल दिवे विटकरी झाले. आरशातला तो दिवा पिवळा पडला, झुलायचा तो मधेच अडखळायला लागला, जिना चढताना दमलेलं माणूस थांबतं तसा. माझा हात आपोआप हँडब्रेककडे गेला.

"राहू दे," मामंजी म्हणाले. त्यांना माझा हात दिसला नसणार. तरी म्हणाले.

दिवा एका बाजूला कलून थांबला. आत विडीच्या टोकाएवढं लाल काहीतरी राहिलं, मग तेही गेलं.

"लावला होता त्याने," मामंजी म्हणाले. "दगड ठेवल्यावर लगेच लावला होता. विझायला लागला म्हणून बघायला मागे आला." मग म्हणाले, "दांडा वाकून सीटखाली गेला होता. ओढलेला होता की नव्हता, मी बघितलंच नाही. ओढलेला असणारच, असं धरून चाललो."

जोडीदार खाली बसून लहान मुलासारखा रडायला लागला. मामंजी रडले नाहीत. मी गाडीतून उतरले आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. मी मागितलेलं त्याने दिलं होतं. ते तो कुणाच्या पदरातून काढून देईल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

मामंजी तसेच मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये न बोलता ऐकलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "आजोबा, ते प्रकरण केव्हाच बंद झालं. चौकशी करणारे साहेबही आता नाहीत. मी वर विचारून बघते, पण आशा ठेवू नका."

"मग तुमच्या पाटीवर लिहा. दिवा लावलेला होता म्हणून."

"प्रदर्शनाच्या पाटीवर असं नाही लिहिता येत हो. लोक बघायला येतात, लहान मुलं येतात."

"बरं," मामंजी म्हणाले. "मग हँडब्रेकची तार मी तोडून टाकतो."

"पण आपल्याला मूळचं होतं तसं..."

"मूळचंच चुकलं होतं, बाई." आणि त्यांनी शेडमध्ये परत येऊन, माझ्या हातून नाही, स्वतः चाचपत चाचपत ती तार कापली.

घरी येताना मी म्हटलं, "मामंजी, आज लगेच सांगायला हवं असं नाही."  ते घरात शिरले, चपला काढल्या आणि थेट सासूबाईंच्या समोर जमिनीवर जाऊन बसले. मी मधे नव्हते. त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने सांगितलं. दगड, हँडब्रेक, बॅटरी, सगळं क्रमाने, कारखान्यात साहेबाला सांगावं तसं. शेवटी म्हणाले, "तू म्हणत होतीस तेच खरं. तो विसरला नव्हता."

सासूबाईंच्या मांडीवर कपड्यांची घडी होती. त्यांनी ती उलगडली, परत घातली. "दगड तुम्हीच शिकवला होता," त्या म्हणाल्या. थेट. इतक्या वर्षांनी.

"हो."

"आणि दिवाही तुमचाच."

"हो."

 सासूबाई उठून आत गेल्या, आणि आतून भांडी घासल्याचा आवाज आला. भांडी मी सकाळीच घासून ठेवली होती.

त्यानंतर घरात उलटंच झालं. सासूबाई थेट बोलायला लागल्या. "जेवायला या." "पायात घाला काहीतरी." "उन्हात बसा जरा." आणि मामंजी उत्तर देईनात. दिलं तर माझ्याकडे बघून. "सांग तिला, भूक नाही." मी दोघांच्या मधे होते तशीच राहिले, फक्त निरोपाची दिशा बदलली. ते खंगत गेले. मोतीबिंदू काढायचा म्हटलं तर म्हणाले, "आता काय बघायचंय?" प्रदर्शन सुरू झाल्याचं कळलं. शेजारचे कुणी जाऊन आले, म्हणाले, काय डोकं चालवलंय हो तुमच्या सासऱ्यांनी, मुलं त्या झुलत्या दिव्यापुढून हलत नाहीत. मामंजींनी ऐकून भिंतीकडे तोंड केलं. मॅडमनी वर विचारलं होतं, असं त्यांनी कळवलं. उत्तर आलं नव्हतं.

मग त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टर येऊन गेले, औषध लिहून दिलं, आणि बाहेर मला हळूच म्हणाले की आता जपा म्हणजे झालं.

सासूबाई पाण्याचा पेला घेऊन त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. मी दारात होते. "पाणी घ्या," त्या म्हणाल्या.

मामंजींनी माझ्या दिशेने चेहरा वळवला. "सांग तिला, नको."

सासूबाईंनी पेला खाली आपटला, पाणी सांडलं. "मी इथे बसलेय. उशाशी. मला सांगा ना! तिला किती वर्षं मधे नाचवायचं?"

"कुठल्या तोंडाने सांगू?"

"आहे त्याच." सासूबाई थांबल्या नाहीत. "ऐका. पोराने तुमचं सगळं ऐकलं. दगड लावा म्हणालात, दगड लावला. दिवा लावा म्हणालात, दिवा लावला. थोडं कमी ऐकलं असतं तर घरी आला असता. हे मला रोज वाटतं, आणि मरेपर्यंत वाटणार. ते काही जात नाही. तुम्ही पाणी न पिऊनही जात नाही."

 मामंजींनी हात थोडा पुढे केला. तो पेल्यापर्यंत पोचला नाही.

सासूबाईंनी पेल्यात राहिलेलं पाणी बघितलं. एक हात त्यांच्या मानेखाली घातला, मान उचलून धरली, आणि पेला ओठांना लावला. "हळू," त्या म्हणाल्या. "ठसका लागेल."

"हं," मामंजी त्यांना म्हणाले.

मी दारातून मागे सरले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तिथे माझं आता काही काम नव्हतं.